सुई आणि ताट यांच्यामध्ये आलेला फोन: ग्रहणाच्या दिवशीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मंगळवार, 25 ऑक्टोबर 2022. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालं होतं. पाडवा आणि भाऊबीज दोन्ही बुधवारी. दिवाळीच्या मधोमध एक दिवस रिकामा पडला होता आणि त्याच संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं.

हे घर दक्षिण नागपुरातलं, माझ्या शेजारचं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. घरातल्यांची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घरात चौसष्ट वर्षांच्या काकू, त्यांचा मुलगा आणि सून. काकूंची थोरली मुलगी, म्हणजे सुनेची नणंद, वर्ध्याकडे दिलेली.

सुनेला अठ्ठाविसावा आठवडा चालू होता. चोविसाव्या आठवड्यातल्या तपासणीत गरोदरपणातला मधुमेह निघाला, आहार बदलूनही साखर आटोक्यात येईना, म्हणून डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन सुरू केलं. ती हिशेबाची पक्की. साखर मोजायचं यंत्र, वही, पेन, सगळं एका डब्यात. सुई लावली की अर्ध्या तासात खायचं, हे तिला कोणी दोनदा सांगावं लागलं नाही.

काकूंबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढे सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. त्या कर्मठ नाहीत. उपास बेतानेच धरतात, सुनेला नोकरी सोडायला त्यांनी कधी सांगितलं नाही, डॉक्टरकडे स्वतः सोबत जातात. पण ग्रहण म्हटलं की त्या बदलतात. पडदे ओढले जातात, विळी आणि सुया माळ्यावर जातात. इतकी वर्षं शेजारी राहूनही मी त्यांना याचं कारण कधी विचारलं नव्हतं.

प्रश्न

सूर्यग्रहणाचे वेध, म्हणजे काही न खाण्याचा काळ, चार प्रहर आधी लागतात अशी रीत आहे, म्हणजे साधारण बारा तास. ग्रहण संध्याकाळी पाचच्या आत लागणार होतं, तेव्हा वेध त्या दिवशी पहाटेच सुरू. त्यात आणखी एक भर होती. नागपुरात सूर्य ग्रासलेलाच मावळणार होता. याला ग्रस्तास्त म्हणतात, आणि काही घरांत अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्याचं शुद्ध बिंब पाहूनच जेवायचं असा कडक नियम पाळतात. तो पाळला तर पहाटेपासून पुढच्या सूर्योदयापर्यंत, चोवीस तासांहून जास्त, पोटात काही नाही.

निरोगी माणूस असा दिवस काढेलही. इन्सुलिनवर असलेल्या गरोदर बाईचं गणित वेगळं आहे. इन्सुलिन रक्तातली साखर पेशींमध्ये ढकलतं. मागून अन्नाची साखर आली नाही तर रक्तातली पातळी घसरत जाते. दर डेसिलिटर रक्तामागे 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात कापणं, घाम, धडधड. आणखी खाली गेली की बोलणं अडखळतं, शुद्ध हरपते. बरं, इन्सुलिन घेतलंच नाही आणि उपास केला, तर? गरोदरपणात शरीर उपाशी राहिल्यावर लवकरच चरबी जाळायला लागतं, चरबी जळताना बनणारे कीटोन रक्तात वाढतात, आणि यकृत स्वतःची साखर सोडत राहतं. म्हणजे दोन्हीकडून धोका.

शनिवारी संध्याकाळी सून माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, मला भीती ग्रहणाची नाही वाटत. पण आईंना दुखवून खाल्लं अन् उद्या बाळाला काही झालं, तर जन्मभर ते माझ्याच डोक्यावर राहील ना."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. मला त्यात फक्त उपासाचा प्रश्न दिसला.

समोरचे पर्याय

रविवारी आम्ही तिघं, ती, तिचा नवरा आणि मी, माझ्या स्वयंपाकघरात बसलो.

नवऱ्याचं पहिलं म्हणणं, तिने खोलीत गुपचूप खावं. सोपं होतं. पण ती म्हणाली की चोरून खाल्लेला घास तिच्या घशाखाली उतरणार नाही, आणि उतरलाही तरी पुढच्या ग्रहणाला काय? दुसरा विचार, दोन दिवस तिने माहेरी जावं. ऐन दिवाळीत सातव्या महिन्यातल्या बाईने एसटीने प्रवास करावा, हे कोणालाच पटलं नाही. नवऱ्याच्या एका मित्राने जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव घे असं सुचवलं होतं. तो कायदा डिसेंबर 2013 मध्ये आपल्या इथल्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला, मला त्याचा अभिमान आहे. पण तो लोकांना लुबाडणाऱ्या, इजा करणाऱ्या, साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवणाऱ्या भोंदूंसाठी आहे. घाबरलेल्या सासूवर तो उगारणं मला चूक वाटलं.

राहिले दोन मार्ग. एक माझा आवडता: काकूंना समोर बसवून ग्रहण म्हणजे काय ते समजावून सांगायचं. चंद्राची सावली, बस. सूर्याच्या किरणांत त्या दिवशी नवं काहीच येत नाही. उलट थोडा प्रकाश कमी पोहोचतो. दुसरा मार्ग सुनेने शोधला. पंचांगातच लहान मुलं, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना वेधात सूट दिलेली असते, त्यांचे वेध बरेच उशिरा लागतात. मग आम्ही वेळांचा हिशेब मांडला. प्रत्यक्ष ग्रहण नागपुरात दिसणार होतं जेमतेम तासभर. सव्वाचारला खाल्लं आणि सहाला पुन्हा खाल्लं, तर मधल्या वेळेत न खाल्ल्याने काही बिघडत नाही. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी इन्सुलिनच्या वेळा तपासल्या आणि होकार दिला.

मी आधी माझा मार्ग वापरून पाहिला. रविवारी दुपारी काकूंकडे जाऊन मोसंबी आणि सुपारी घेऊन सावली दाखवली. आर्यभटाने इसवी सन 499 मध्येच लिहून ठेवलंय की चंद्र सूर्याला झाकतो, असं सांगितलं. ज्या पंचांगात ग्रहणाचा मिनिट छापलाय तो मिनिट त्याच गणितातून येतो, हेही सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "ते सगळं असंन बाई खरं. पण तू भोगलं नाहीस."

काय भोगलं, हे मी विचारायला हवं होतं. मी उठून आले. संध्याकाळी सुनेने पंचांगातली सूट दाखवली आणि काकू तयार झाल्या. मला हायसं वाटलं, थोडा पराभवही वाटला.

मंगळवारची सकाळ

साडेसातला सुनेने नेहमीप्रमाणे सुई लावली. पोहे ताटात वाढलेले होते. तेवढ्यात नणंदेचा फोन आला.

ती रागावली नव्हती. ती रडत होती. "वहिनी, पाया पडते, आजचा दिवस काही खाऊ नको. सूट-बिट काही नसते. माझ्याकडे पाह्य ना तू."

नणंदेच्या वरच्या ओठावर शिवणीची खूण आहे. ती जन्मली तेव्हा ओठ दुभंगलेला होता. पहिली शस्त्रक्रिया उशिरा झाली, उच्चार नीट यायला फार वर्षं गेली, शाळेत पोरांनी छळलं. आणि घरात तिला लहानपणापासून एकच कारण सांगितलं गेलं होतं: पोटात असताना आईने ग्रहणात भाजी चिरली.

सुनेने ताट सरकवलं. इन्सुलिन मात्र अंगात गेलेलं होतं.

दहाच्या सुमारास काकूंची हाक ऐकू आली. मी धावले. सून पलंगाच्या कडेला बसलेली, कपाळावर घामाचे थेंब, हात थरथरत होते, मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर भलतंच. यंत्रावर आकडा आला 54. मी साखरेचा डबा शोधत होते, तर काकू माझ्या आधी पाणी घेऊन उभ्या. त्यात तीन चमचे साखर त्यांनीच ढवळली होती, आणि सुनेचं डोकं छातीशी धरून त्याच घोट घोट पाजत होत्या. वेध चालू होते, देव पाण्यात होते, आणि काकूंनी एक क्षणही विचार केला नाही. मला आजवर कुठल्याही व्याख्यानात न दिसलेली गोष्ट तिथे दिसली: या बाईला नियम प्रिय नव्हता, सून आणि नातवंड प्रिय होतं. नियम हा तिच्या लेखी त्यांना वाचवायचा उपाय होता.

पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, 81. मग पोहे, वर दही. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दर तासाला साखर मोजायला, बाळाच्या हालचाली मोजायला सांगितलं, आणि पुन्हा 70 च्या खाली गेली तर लगेच दवाखान्यात या म्हणाले. तशी वेळ आली नाही.

कॅलेंडरच्या मागच्या पानावरचा हिशेब

ती झोपल्यावर काकू माझ्यासमोर बसल्या आणि मी रविवारी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आपणहून दिलं.

16 फेब्रुवारी 1980. मला ती तारीख पाठ आहे, कारण त्या दिवसाचं खग्रास सूर्यग्रहण कर्नाटकापासून ओरिसापर्यंतच्या पट्ट्यात दिसलं; नागपुरात खंडग्रास, पण खूप मोठं. काकूंना ती तारीख वेगळ्या कारणाने पाठ. बावीस वर्षांच्या होत्या, पहिलटकरीण. दुपारी सगळे दारं-खिडक्या लावून आत, आणि त्यांनी सवयीने संध्याकाळची वांगी विळीवर चिरली. मे महिन्याच्या मध्यावर मुलगी झाली. सासूने बाळाचं तोंड पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते वांग्यांबद्दल. बेचाळीस वर्षं काकू ते वाक्य घेऊन जगल्या.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला तारखा मांडल्या. गर्भाचा वरचा ओठ गर्भधारणेनंतर साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी ऊतींचे उंचवटे मध्याकडे वाढत येतात आणि एकमेकांना सांधले जातात. हा सांधा त्या काळात झाला नाही तर ओठ दुभंगलेला राहतो, आणि एकदा सांधला की नंतर विळीने, सुईने, कशानेही उसवत नाही. टाळू त्यानंतर दोनेक आठवड्यांत पुरी होते. मेच्या मध्यावर पूर्ण दिवसांचं बाळ, म्हणजे गर्भधारणा ऑगस्ट 1979 मध्ये. ओठ जुळायची वेळ सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, नवरात्राच्या आसपास.

"अन् ग्रहण?" काकूंनी विचारलं.

"फेब्रुवारीत. चार महिने नंतर. तुम्ही वांगी चिरली तेव्हा तिचा ओठ जसा व्हायचा तसा कधीच होऊन गेला होता."

काकूंनी तो कागद हातात घेतला. आकडे त्यांनी स्वतः बोटांवर मोजले, दोनदा. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. मग पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी भौतिकशास्त्र पंचवीस वर्षं शिकवते आहे. पाठ्यपुस्तकातल्या एका तारखेने माणसाच्या खांद्यावरचं एवढं ओझं उतरताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

सुनेच्या बाळाचा ओठ याच हिशेबाने मे-जूनच्या उन्हाळ्यातच जुळून गेला होता. ऑगस्टअखेरच्या सोनोग्राफीत चेहरा, ओठ नीट असल्याची नोंदही होती. तो अहवाल फाईलमध्ये पडून होता. काकूंना तो कोणी वाचून दाखवला नव्हता, मीसुद्धा.

गच्चीवर

साडेचारला सून खाऊन-पिऊन ताजी झाली होती. काकूंनीच विचारलं, "ते दिसते कसं गं? डोळे तर जातात म्हणे."

डोळे जाण्याची भीती मात्र खरी आहे. ग्रहणात किंवा एरवीही सूर्याकडे थेट पाहिलं तर दृष्टिपटल भाजतं, आणि तिथे वेदना होत नाहीत म्हणून कळतही नाही. क्ष-किरणाची फिल्म, काजळी धरलेली काच यांनी बचाव होत नाही. सूर्याकडे पाठ करून पाहायची एक पद्धत आहे, ती आम्ही वापरली.

आधी मी बुंदीचा झारा नेला. फसला. भोकं फार जवळजवळ असल्याने प्रतिमा एकमेकींत मिसळून नुसता उजेडाचा धब्बा पडला. मग लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला, दोन-दोन बोटांच्या अंतरावर, दाभणाने भोकं पाडायची ठरली. दाभण माळ्यावर होतं. काकूंनी ते काढून दिलं, भोकं मी पाडली.

पाचच्या सुमारास ऊन जवळजवळ आडवं होऊन जिन्याच्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर पडलं होतं. कागद भिंतीपासून दोनेक मीटरवर धरला. भिंतीवर रुपयाच्या नाण्याहून जरा लहान, अशा सात उजळ टिकल्या उमटल्या. प्रत्येक टिकली एका बाजूने खाल्लेली, पोळीचा घास तोडावा तशी.

"हे काय सातही फुटले?" सून म्हणाली. भोकं गोल नव्हती, दाभणाने वेडीवाकडी झाली होती, तरी प्रतिमा सगळ्या सारख्या. कारण ती भोकाची सावली नाही, सूर्याचंच चित्र आहे. तसं झाडाखाली रोज पडणाऱ्या गोल कवडशांचंही आहे. पानांमधल्या फटी गोल नसतात, सूर्य गोल असतो. आपण आयुष्यभर सूर्याच्या चित्रांवरून चालत असतो.

मी त्यांना सांगितलं की सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे चारशे पट आणि तो चंद्राहून सुमारे चारशे पट लांब, म्हणून दोघं आभाळात सारख्याच आकाराचे दिसतात. 1868 सालच्या 18 ऑगस्टच्या ग्रहणाबद्दलही सांगितलं. विजयदुर्गपासून गुंटूरपर्यंत त्याची सावली आपल्या देशावरून गेली. त्या काळात सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेषा सापडली, ती माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. सूर्याच्या ग्रीक नावावरून तिच्या मालकाला हेलियम म्हटलं गेलं, आणि पृथ्वीवर तो सापडला थेट 1895 मध्ये. आज रामदासपेठेतल्या दवाखान्यांत एमआरआयच्या यंत्राचा चुंबक थंड राहतो तो द्रवरूप हेलियममुळे.

काकू ऐकत होत्या की नाही ठाऊक नाही. त्या भिंतीजवळ जाऊन एका टिकलीवर बोट ठेवून उभ्या होत्या. टिकली त्यांच्या नखावर चढली होती.

पावणेसहाच्या आत सूर्य घरांच्या मागे गेला. काकूंनी खाली जाऊन आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, आणि सगळ्यांसाठी खिचडी टाकली. दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाची गोष्ट कोणी काढली नाही.

निष्पत्ती

बुधवारी नणंद भाऊबीजेला आली. ओवाळणं झाल्यावर काकूंनी कॅलेंडरचं ते पान तिच्यासमोर ठेवलं आणि हिशेब स्वतः समजावला, माझी मदत न घेता. नणंदेने सगळं ऐकून मलाच विचारलं, "मग माझ्या वेळी नवरात्रात काय झालं होतं, मॅडम?"

मी खरं ते सांगितलं. दुभंगलेला ओठ किंवा टाळू जगभरात साधारण सातशे जन्मांमागे एकात दिसते. जनुकांचा वाटा असतो, फिटांवरची काही औषधं, धूम्रपान, गरोदर राहण्याआधीपासूनचा मधुमेह यांनी शक्यता वाढते. पण बहुतेक वेळा एकट्या बाळापुरतं एक नेमकं कारण सापडत नाही. ती म्हणाली, "म्हणजे कोणाचंच चुकलं नाही." हो म्हटलं.

सुनेची प्रसूती जानेवारी 2023 मध्ये झाली. मुलगी, वजन ठीक, ओठ-टाळू ठीक. याला मी ग्रहणात खाल्ल्याचा पुरावा मानत नाही, आणि कोणी मानूही नये. तिच्या ओठाचा निकाल ग्रहणाआधी चार-पाच महिने लागलेला होता. बाळ व्यंग घेऊन आलं असतं तरी वांगी आणि पोहे तितकेच निर्दोष राहिले असते.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

सगळ्यात मोठी चूक माझी होती, रविवारची. मोसंबी-सुपारी घेऊन मी अशा प्रश्नाचं उत्तर द्यायला गेले जो काकूंनी विचारलाच नव्हता. ग्रहण कसं लागतं हे न कळल्यामुळे त्या घाबरत नव्हत्या. त्यांना गर्भाचा ओठ कधी जुळतो हे माहीत नव्हतं, आणि त्या एका अज्ञानाची किंमत आई, मुलगी आणि आता सून, तिघी मोजत होत्या. "तू भोगलं नाहीस" या वाक्यावर मी थांबून "काय भोगलं?" एवढंच विचारलं असतं, तर तो कागद रविवारीच लिहिला गेला असता आणि मंगळवारचा 54 टळला असता.

पंचांगातली सूट वापरली ते बरोबर केलं का, यावर मी अजूनही पूर्ण ठाम नाही. तिने दोन दिवसांत जेवणाचा प्रश्न सुटला, डॉक्टरांनाही चालला, आणि घरात भांडण झालं नाही. पण भीती जागच्या जागी राहिली, म्हणून एका फोनने सगळं कोसळलं. आज मी सूट वापरेन, मात्र तिच्यावर थांबणार नाही. आणि घरातल्या ज्या माणसाचा शब्द चालतो त्या प्रत्येकाला, दूर असलेल्यालाही, आधी सामील करून घेईन. नणंदेला आम्ही मोजलंच नव्हतं.

एक व्यवहाराचा बदलही सुचतो. इन्सुलिनवर असलेल्या बाईने सुई लावण्याआधी ताट समोर घ्यावं, आणि सणावाराच्या दिवशी तर पहिला घास हाताशी असल्याशिवाय सुई लावूच नये. घरातल्या प्रत्येकाला तीन चमचे साखर आणि पंधरा मिनिटं हे पाठ हवं. काकूंना ते कसं ठाऊक होतं हे मी नंतर विचारलं. डॉक्टर सुनेला सांगत होते तेव्हा त्या बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या. सोनोग्राफीचा अहवाल त्याच खुर्चीवरच्या बाईला कोणी दोन मिनिटं समजावून दिला असता तर तोही त्यांनी असाच लक्षात ठेवला असता.

लग्नपत्रिकेचा तो भोकं पाडलेला कागद काकूंनी देवघराच्या खणात ठेवलाय. आपल्याकडे दिसणारं यापुढचं सूर्यग्रहण 2 ऑगस्ट 2027 चं, तेव्हा नात साडेचार वर्षांची असेल. दिवस पावसाळ्याचे, ढग असायचेच. काकूंनी मला विचारून ठेवलंय, ढगातून टिकल्या पडतात का.